वाकडी ओळ

सकाळपासून कार्योनो बांधावर येरझाऱ्या घालत होता. मध्येच थांबून लोंबीतला दाणा सोलायचा, दाताखाली धरायचा आणि म्हणायचा, "अजून चिकात आहे." चीक कुठला, दाणा कडकन वाजत होता.

मेरापी ज्वालामुखी धुरात बुडाला होता. गावात त्या डोंगराला आजोबा म्हणतात. आजोबा काही दिवसांपासून कण्हत होते. राख पडली की उभं भात लोळतं, म्हणून सगळ्यांनी घाईघाईने कापून घरात घेतलं होतं. राहिलं होतं एकट्या कार्योनोचं. ते त्याच्या बायकोनं, सुगियानं लावलेलं. लावणी झाली आणि महिनाभरात ती गेली. हे कापलं की तिच्या हातचं काहीच उभं राहणार नव्हतं.

"कांग, आजोबा तुमच्या मनाची वाट बघत बसणार नाहीत," बांधावर येत समिजा म्हणाली. ती सुगियाची धाकटी बहीण, मेहुण्याला कांग, म्हणजे दादा म्हणायची. टोपलीत तिनं नैवेद्याचा भात, अंडं, फुलं आणली होती. "पहिल्या लोंब्या मी खुडते. तुम्ही बसा तोंड पाडून."

"दाणा भरला नाही."

"दात पडलेत तुमचे. दाण्याला कशाला नावं ठेवता?"

तेवढ्यात जमीन घुमली. पाटातलं पाणी थरथरलं.

कार्योनोनं हात पुढे केला. "पातं दे."

लोंब्या खुडायचं बोटभर पातं ते, मुठीत लपतं. भातातल्या देवीला दिसलं तर ती घाबरते. ते धरायचं बायकांनी. समिजानं ते टोपलीतून काढून दिलं.

सगळ्यांत भरदार लोंब्या निवडायच्या, नवरा-नवरी म्हणून बांधायच्या आणि घरी न्यायच्या. पुढचं बी त्यांचं. कार्योनो भरदार भात सोडून कोपऱ्यात गेला. तिथली ओळ बांधाकडे वाकत गेली होती. मागे सरकत रोपं लावताना सुगियाला धाप लागायची, आणि ती टेकायला बांधाकडे ओढली जायची.

"अहो, त्या बारीक आहेत."

"असू देत."

"पुढच्या साली लोंब्या अशाच बारीक येतील."

"येऊ देत की."

त्याची मूठ मोठी, पातं सारखं निसटत होतं. अंगठा कापला. तरी त्यानं दोन जुड्या बांधल्या, गळ्यातल्या सुगियाच्या ओढणीत गुंडाळल्या आणि तान्ह्या पोरासारख्या छातीशी घेतल्या. पानांवर करडी राख पडू लागली होती.

"माणसं बोलाव, विळे घेऊन," तो म्हणाला आणि जुड्यांवर हात आडवा धरून घराकडे निघाला.