एका मर्टीच्या तीन विधवा

मंगळवार, १४ एप्रिल, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. नोरा लाउनी, वय एक्याऐंशी, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, अमेरिकेतल्या ब्यूट शहराच्या दप्तरखान्यात आली आणि दप्तरदार डॅन क्रॉली याला म्हणाली की तिला आजोबा सिद्ध करून हवे आहेत, जूनच्या आत.

आजोबा साधेसुधे नव्हते. मर्टी हॅरिंग्टन, १९०५ सालच्या खाणकामगार दिनाचा विजेता. ग्रॅनाइटच्या शिळेत पंधरा मिनिटांत सुरुंगाचं सर्वांत खोल भोक पाडणारा. त्याच ऑक्टोबरात तो खाणीत दगड कोसळून मेला. यंदा १३ जूनला चर्चच्या आवारात त्याच्या नावाचा दगड उभा राहणार होता आणि त्यावर त्याच्या नावाखाली पत्नीचं नाव कोरायचं समितीने ठरवलं होतं. ते नाव समितीला ठाऊक नव्हतं. नोराला होतं: हॅनोरा, तिची आजी.

नोराची आई ब्रिजेट १९०६च्या फेब्रुवारीत जन्मली. माझा बाप विजेता होता, माझ्या जन्माआधी खाणीत गेला, असं ती जन्मभर सांगत राहिली. शेजारच्या बायका तोंडावर मान डोलवायच्या आणि पाठ फिरली की म्हणायच्या, गेला कसला, ॲरिझोनाला पळाला. हे कानांवर घेतच ब्रिजेट पंचाहत्तराव्या वर्षी वारली.

क्रॉलीला हे एका दुपारचं काम वाटलं. तसं वाटायला नको होतं, कारण त्याचंही घराणं आयर्लंडच्या त्याच बेअरा किनाऱ्यावरचं. तिथे पहिल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतात. विजेत्याच्या आजोबाला, म्हाताऱ्या मर्टी हॅरिंग्टनला, चार मुलगे होते. चौघांनीही पहिल्या मुलाचं नाव मर्टी ठेवलं आणि चारही मर्टी ब्यूटला येऊन एकाच खाणावळीत उतरले. घरी त्यांना तांबडा, बुटका, नावाडी आणि धाकटा म्हणत. कागदावर चौघेही नुसते मर्टी हॅरिंग्टन. खाणकंपनीच्या कार्डावर ‘जवळचा नातलग’ या रकान्यात चौघांनीही लिहिलं होतं: मर्टी हॅरिंग्टन, चुलतभाऊ.

विजेता यांतला कोणता, ते वर्तमानपत्राने छापलं नव्हतं. स्पर्धा भरवणाऱ्या युनियनचे कागद १९१४ साली तिचं सभागृह सुरुंगाने उडवलं तेव्हाच गेले. आजी नवऱ्याला काय म्हणायची, असं क्रॉलीने विचारलं. ‘तो’ म्हणायची, नोराने सांगितलं. लाळेची डीएनए तपासणीही झाली. तिच्यानुसार नोरा ब्यूटमधल्या निम्म्या हॅरिंग्टनांची दूरची बहीण निघाली, आणि क्रॉलीचीही.

मग १२ मे रोजी काहीतरी हाती लागलं. हॅनोराने १९१३ साली चर्चमध्ये दुसरं लग्न केलं होतं. नवरा जिवंत असता तर ते लागलंच नसतं. पाद्री पहिल्याच्या मरणाचा पुरावा मागत. नोंदवहीत फादर कॅलाहन यांच्या अक्षरात स्पष्ट होतं: विधवा, मृत्युदाखला क्रमांक ४१८. हा दाखला ऑक्टोबर १९०५मधल्या त्याच अपघाताचा होता. नोराने दप्तरखान्यातल्याच फोनवरून समितीचा अध्यक्ष जीन लिंच याला कळवून टाकलं.

क्रॉलीने तिथे थांबायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने खातरजमेसाठी मागची पानं उलटली. १९०८, कॅथरीन, मर्टी हॅरिंग्टनची विधवा, दाखला ४१८. १९११, ज्युलिया, मर्टी हॅरिंग्टनची विधवा, दाखला ४१८. अक्षर तेच, सही तीच. १९१०च्या जनगणनेत ॲरिझोनाच्या बिस्बी गावी दोन मर्टी हॅरिंग्टन राहत होते, दोघांनीही स्वतःला अविवाहित म्हणून नोंदवलेलं. चौथा ब्रह्मचारीच आयर्लंडला परतला होता.

त्याने नोराला बोलावून तिन्ही पानं पुढे ठेवली.

“मिसेस लाउनी, फादर कॅलाहन तीनदा विसरले असतील का?”

“ते? रविवारी प्रार्थना कोणी चुकवली ते त्यांना पुढच्या ईस्टरलाही आठवायचं. विसरले म्हणे. पदरात पोरं, नवरा परागंदा, आणि लग्न रद्द करायला रोमला पत्र लिहून उत्तराची वाट बघायची? बाया म्हाताऱ्या झाल्या असत्या.”

“म्हणजे दोघींनी मेलेला नवरा उसना घेतला.”

“घेतला असेल. माझ्या आजीकडून घेतला.”

“हे कशावरून?”

“तुझी आजी असती तर विचारलं असतंस का रे, डॅन?”

क्रॉलीने नोंदवही मिटली. समितीला मात्र कळवावंच लागलं, आणि समितीत गुपित टिकत नाही. आठवडाभरात कॅथरीनच्या आणि ज्युलियाच्या घरचेही लिंचला फोन करू लागले. लिंच अग्निशमन दलात तीस वर्षं होता आणि सहसा चिडत नसे.

“मी तुझ्याकडे एक बायको मागितली होती,” तो क्रॉलीला म्हणाला. “एक.”

उरला होता न्यायालयाच्या तळघरातला अपघाती मृत्यूच्या चौकशीचा कागद. तो गुरुवारी, २८ मे रोजी दुपारी तीन वाजता मिळाला. मृतदेहाची ओळख कोणी पटवली? मर्टी हॅरिंग्टन, चुलतभाऊ. क्रॉलीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेजारी बसलेल्या नोराने कागद ओढून घेतला आणि खालची ओळ वाचली: मृताची पत्नी गरोदर असल्याने हजर नाही.

ती त्या ओळीवर बोट ठेवून बसली. क्रॉलीने बाप्तिस्म्याची नोंदवही आणली. कॅथरीनला मूल नव्हतं, ती गळली. ब्रिजेटची नोंद होतीच, फेब्रुवारीतली. तीन पानं पुढे, मार्च १९०६: ज्युलियाची मुलगी, बाप मर्टी हॅरिंग्टन. ज्युलियाची नात आता सत्याहत्तर वर्षांची आहे आणि स्पोकेनला राहते. तिच्या आईनेही तिला तेच सांगितलं होतं.

दोन्ही नावं कोरता येतील का, असं लिंचने चर्चला विचारून पाहिलं. एका पुरुषाच्या नावाखाली एका वेळच्या दोन बायका चर्चला चालणार नव्हत्या. मग त्याने नोराच्या घरी जाऊन सुचवलं की ओळ रिकामीच ठेवू.

“ठेव रिकामी,” नोरा म्हणाली. “म्हणजे गावाने आयुष्यभर माझ्या आईला जे ऐकवलं, ते आता दगडावरही येईल.”

लिंच चहा न पिताच निघाला.

समारंभाच्या निमंत्रणासाठीच्या अर्जात विजेत्याशी असलेलं नातं लिहायचं असतं. नोराने ‘नात’ लिहून अर्ज सोमवारी पोचवला. स्पोकेनचा अर्ज बुधवारी आला. त्यातही ‘नात’ असंच होतं. पाथरवटाने विजेत्याचं नाव आणि १९०५ हे साल कोरून ठेवलं आहे आणि खालच्या ओळीसाठी त्याला शुक्रवारी दुपारपर्यंत निरोप हवा आहे. गुरुवारी, ४ जूनला संध्याकाळी पाच वाजेपर्यंत त्याला कोणीही काही कळवलेलं नव्हतं.