फक्त हलू नका

उभा जन्म लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवला, पण कुणाला साधा ओरखडा येऊ दिला नाही, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. आणि नेमका त्याच उस्तादांचा उजवा हात थरथरायला लागला. दुसरं काही होऊ नये का माणसाला? कंबर धरावी, दात पडावेत. पण नाही, हातच!

डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. गुण येतोय की नाही ते कळेना, कारण हाताकडे बघितलं की तो जास्तच चेकाळायचा. इकडे दुकानातल्या कारागिराला दुसऱ्या सलूनमधून बोलावणं आलं होतं. तुम्ही पुन्हा खुर्चीमागे उभे राहणार की दुकान माझ्या हाती देणार, तेवढं उद्या सकाळी सांगा, असं तो मान खाली घालून म्हणाला. त्याची तरी काय चूक? त्यालाही घर होतं.

त्याच संध्याकाळी लेक आणि जावई आले. जावयांना आकाशाचे फोटो काढायचं वेड. आजवर त्यांचे तारे रेघोट्यांसारखे यायचे, कारण आकाश सरकतं आणि कॅमेरा जागचा हलत नाही. म्हणून त्यांनी हौसेने ट्रॅकर आणला होता, म्हणजे ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा हळूहळू फिरवणारं एक चिमुकलं यंत्र. जेवणं झाल्यावर ते घेऊन सगळे गच्चीवर गेले. नुसतं आकाश नको, खाली माणूसही हवं, असा जावयांचा हट्ट. लेक म्हणाली, मला नाही बाई एवढा वेळ उभं राहवत, बाबांना उभं करा.

"कठड्यापाशी थांबा, बाबा. चार मिनिटं. फक्त हलू नका."

उस्तादांच्या मनात एकदम आलं, हीच आपली परीक्षा. डॉक्टर काय, धीर द्यायला बोलतो. बायको तर न बघताच 'बरं आहे की' म्हणते. कॅमेऱ्याला कुणाचं काय पडलंय? त्यांनी उजवा हात छातीसमोर धरला, बोटांत वस्तरा असावा तसा, आणि श्वास आवरला. कानाशी डास गुणगुणला, गुणगुणू दिला. पाय भरून आले, येऊ दिले. आणि हात? हात तसूभर हलला नाही. ते त्यांना आतून, हाडांत कळत होतं. कित्येक महिन्यांत ते एवढे सुखी झाले नव्हते. उद्या कारागिराला काय सांगायचं, तेसुद्धा त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून जावई नाचायचेच बाकी होते. सुईने टोचल्यासारखे तारे, एकेक वेगळा. उस्ताद मात्र खालच्या काळोखात स्वतःला शोधत होते. सापडले. तोंड बोटाने पुसल्यासारखं, आणि हाताच्या जागी एक पांढुरका डाग.

"तारे काय टिपलेत बघा," जावई म्हणाले. "तुम्ही तेवढे हललात, बाबा."

सहज म्हणाले हो. त्या भल्या माणसाला काय ठाऊक? 'असेल' एवढंच म्हणून उस्ताद जिना उतरले. झोप कसली येतेय! सकाळी दुकान उघडायच्या आधीच त्यांनी चाव्या कारागिराच्या हातात ठेवल्या. कारागीर रडला, उस्ताद रडले नाहीत. दुसरीकडे जायला जागा नव्हती, म्हणून तिथेच गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून राहिले.

दुपारी जावई धापा टाकत दुकानात आले. चाव्यांचं कानावर आल्यावर त्यांनी फोटो काँप्युटरवर मोठा करून पाहिला होता आणि त्यांचं धाबं दणाणलं होतं. छापून आणलेली प्रत त्यांनी उस्तादांच्या मांडीवर ठेवली.

"माझाच मूर्खपणा, बाबा. तुम्ही हललाच नाहीत. यंत्र कॅमेरा फिरवत होतं, म्हणून तारे नीट आले आणि जमिनीवरचं सगळं फिसकटलं. हा कठडा बघा, ही टाकी बघा. भिंत हलते का कधी?"

उस्तादांनी पाहिलं. कठडा खरंच फिसकटलेला होता. क्षणभर त्यांना वाटलं, अरे देवा, मग खरंच? पण मग त्यांना आपणच आठवले. टक्कल पडत चाललेल्या गिऱ्हाइकामागे आरसा तिरका धरून, 'कुठे हो, भरगच्च तर आहेत' म्हणणारे. लेकीच्या लग्नाच्या फोटोत बायकोचे मिटलेले डोळे याच जावयांनी काँप्युटरवर उघडून दिले होते. चाव्या दिल्याचं लेकीला कळलं असणार, तिने यांना पिटाळलं असणार, दुसरं काय? आणि हात तर आता, या क्षणी, सगळ्यांच्या देखत थडथडत होता.

"जावईबापू," उस्ताद म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून तुम्ही भिंतसुद्धा हलवलीत. पोटचा मुलगा एवढं करत नाही."

अगदी मनापासून म्हणाले. जावयांनी शपथा घेतल्या, पुन्हा पुन्हा समजावलं, शेवटी डोळ्यांत पाणी आणलं. ते पाणी बघून तर उस्तादांची खात्रीच पटली. फोटो जपून ठेवावा म्हणून ते त्याची घडी घालायला लागले. घडी जमेना, तेव्हा ती जावयांनी घालून दिली.