येडबाच्या बकरीचा भाता

गंगाखेडात गोदावरीच्या घाटाकडे उतरणाऱ्या बोळात लिंबाजी सुताराचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, एक पत्र्याची पडवी. पण दारावर पाटी होती: गोदा कॅमेरा. निजामाच्या त्या मुलखात लाकडी पेटीचा कॅमेरा बनवणारी दुसरी जागा आसपास कुणाला माहीत नव्हती. पेटी लिंबाजीची, भिंग व्यंकटरावाचं. हा भागीदार हैदराबादेत एका फोटोवाल्याकडे राहून आलेला. जुन्या बाजारातून भिंगं आणायची, काचेवर उतरलेला फोटो अंधाऱ्या खोलीत धुवायचा आणि गिऱ्हाईक गाठायचं, ही त्याची कामं. पाथरीपासून नांदेडपर्यंत जत्रेतले फोटोवाले ह्यांचाच कॅमेरा खांद्यावर घेऊन फिरत.

पेटी आणि भिंग यांच्यामध्ये घड्याघड्यांचा कातडी भाता असतो. उजेडाला सुईएवढी वाट राहिली तरी फोटो नासतो. त्यासाठी मऊ कातडं लागे, ते येडबा धनगर आपल्या बकऱ्यांचं देई. येडबा बोलायला तिरकस, पण शब्दाला पक्का.

नवा कॅमेरा विकायच्या आधी एक फोटो काढून बघावा लागे, आणि समोर बसायला कुणी तयार नसे. आपलं तोंड दुसऱ्याच्या घरात राहिलं की आपण त्याच्या ताब्यात गेलो, असं माणसांना वाटायचं. लिंबाजीनं त्यावर तोड काढली. फोटो बघून झाला की काच खरवडायची, कुरुंदाच्या पुडीनं घासून धुरकट करायची आणि पुढच्या कॅमेऱ्याच्या पाठीला बसवायची. तसली काच लागतेच, फोटोवाला तिच्यावरच चित्र नीट आलंय का ते पाहतो. काच फुकट जायची नाही आणि कुणाचं तोंडही मागं उरायचं नाही. बसणाऱ्या प्रत्येकाला तो हे समजावून सांगे.

येडबा पहिल्यांदा बसला तेव्हा म्हणाला, "मिस्त्री, बकरीचं कातडं दिलं, आता धनगराचंबी काढून घ्यायलाव का?"

"पुसून टाकतो म्हणलं की. माजा शब्द हाय."

"मग बसतो. शब्द तेवढा गहाण ठिवू नगा कुटं."

वर्षं गेली. मोठी लढाई आली, बाजारातली भिंगं आटली, तरी व्यंकटरावाला कुठून तरी मिळतच राहिली. लिंबाजीला त्याचं कौतुक वाटे. भागीदार खरवडलेली काच आणून देई, हा मान खाली घालून घासत बसे.

मग अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला. निजामाविरुद्ध मुलूख पेटला होता. येडबा मेंढरांच्या आडून लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या छावणीचे निरोप पोचवतो, हे लिंबाजीला ठाऊक होतं आणि ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

एक दिवस पोलिसांचा जमादार पडवीत आला. कागदावरचा एक फोटो पुढं धरून, ह्याला ओळखतोस का, म्हणून विचारलं. फोटोत घोंगडी पांघरलेला येडबा बसला होता. लिंबाजी नाही म्हणाला. पण त्याची नजर फोटोच्या कोपऱ्यावर खिळली होती. तिथं एक पांढरी रेघ होती. काचेवर काळं-पांढरं उलटं उमटतं; येडबा बसला होता तेव्हा हीच रेघ काचेवर त्याला काळी दिसली होती. त्या कॅमेऱ्याच्या भात्याचा कोपरा उसवला होता, आणि रेघ पाहून त्यानं तो लगेच चिकटवला होता. पुन्हा तशी रेघ कधी आली नाही. म्हणजे ही तीच काच. आपण घासून टाकली असं तो समजत होता, ती.

जमादाराची पाठ वळताच लिंबाजी येडबाला सावध करायला निघाला. नदीकाठी कळलं, कळप सोनपेठकडे गेलाय. तो पोचला तेव्हा मेंढरं बाजाराच्या तोंडाशी राखणीवाचून उभी होती.

तिथून तो थेट व्यंकटरावाच्या घरी गेला. व्यंकटराव जेवत होता. त्यानं काही नाकारलं नाही. चाचणीच्या सगळ्या काचा त्यानं खोलीत जपून ठेवल्या होत्या, लिंबाजीला बाजारातल्या साध्या काचा देत आला होता. सरकारनं मागितला तो चेहरा त्यातून काढून द्यायचा. त्यावरच भिंगांचा परवाना टिकला होता.

"परवाना गेला असता तर तुमची पडवी कधीच बसली असती, मिस्त्री," तो म्हणाला. "कारखान्यासाठीच केलं ना मी."

"मंग पाटीवर तसं लिवायचं व्हतं," लिंबाजी म्हणाला.

पाटी त्यानं त्याच दिवशी उतरवली. पण गावानं दोष लिंबाजीच्याही माथी मारला होता. तो बोळातून चालला की बाया पदर ओढून घेत, गडी उपरणं तोंडावर घेत.

पावसाळा सरता निजामाचं राज्य गेलं. व्यंकटराव त्याच्या आधीच कुठं तरी निघून गेला होता. येडबा तुरुंगातून सुटला आणि एक पाय ओढत पडवीत आला. लिंबाजीनं त्याला सगळं सांगितलं, काच, रेघ, परवाना, काही वगळलं नाही. येडबानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्यो राव माजा कोन लागतो?" तो म्हणाला. "मी तुमच्या म्होरं बसलो व्हतो, मिस्त्री."

आढ्याला अर्धवट शिवलेला भाता लोंबत होता. येडबानं काठीनं तो खाली घेतला, आपल्याच बकरीचं कातडं आहे ना, ते बोटांनी चाचपून पाहिलं, आणि काखेत मारून निघाला. लिंबाजी त्याला अडवायला उठला नाही.

भात्यावाचून राहिलेल्या त्या पेटीत पुढं त्याच्या बायकोनं, नर्मदाबाईनं, कोंबडी अंड्यांवर बसवली.