चुकीच्या खणात

ताईंचा सकाळचा नेम ठरलेला होता. अंघोळ, प्रार्थना आणि मग चहाच्या आधी टपाल. टपाल म्हणजे आता संगणकावरची मेल. पण सगळी नोकरी टपाल कचेरीच्या वर्गीकरणाच्या खोलीत गेलेली, त्यामुळे शब्द बदलायची गरज त्यांना कधी वाटली नाही. त्या खोलीत भिंतभर लाकडी खण होते आणि शिस्त एकच होती, टेबल रिकामं झाल्याशिवाय उठायचं नाही. संगणकावरही त्यांनी तसेच खण केले होते. लोक त्यांना फोल्डर म्हणत. वीज, पाणी, औषधं, बँक, जुनी बिलं. एका खणात दुसरा खण मात्र त्या कधीच घालत नसत. आत घातलेलं विसरलं जातं, हे त्यांनी कचेरीत पुष्कळदा पाहिलं होतं.

इनबॉक्स रिकामा झाला की ताई हात जोडत. त्यानंतर दिवस अख्खाच्या अख्खा समोर उभा राही.

शिक्के मारणाऱ्या यंत्राशेजारी उभं राहून राहून त्यांचे कान गेले होते. फोन कानाला लावला की नुसती माशी घोंघावल्यासारखं वाटे. कुणी समोर बसून, तोंड नीट उघडून बोललं तर थोडंफार कळे. तेवढ्यापुरती वरच्या मजल्यावरची शिंपीण अधूनमधून डोकावून जाई.

“ताई, तुमची बेल मी वाजवते आणि मलाच ऐकू येते,” ती ओरडून सांगे. “दार नुसतं लोटून ठेवत जा.”

“आणि चोर आला म्हणजे?”

“येऊ दे की! तेवढंच बोलायला कुणीतरी मिळेल तुम्हाला.”

ताई हसत. शिंपीण वर गेली की तिच्या मशीनची थरथर भिंतींतून उतरून पायांना कळे. आवाज नाहीच.

बोलायला म्हणून खरं माणूस एकच, धाकटा भाऊ. दुसऱ्या गावात त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि तो जवळजवळ रोज काहीतरी लिही. ‘आज एक आजोबा चष्मा हरवला म्हणून भांडायला आले. चष्मा डोळ्यांवरच. मी काढून हातात दिला, तर म्हणाले, हा नव्हे, ज्यातून नीट दिसायचं तो.’ त्याच्या पत्रांसाठी ताईंनी ‘धाकटा’ नावाचा खण केला होता आणि संगणकाला नियम लावून दिला होता, की त्याची मेल आली की मध्ये कुठे न रेंगाळता थेट त्या खणात पडावी. खणाचं नाव ठळक झालं की ताई मनाशी म्हणत, आला गं बाई.

गेल्या उन्हाळ्यात तो दोन दिवस राहायला आला आणि त्याने त्यांच्या आवरलेल्या टेबलावर कपभर चहा लवंडला. पुसायचं सोडून वर हसत म्हणाला, “ताई, तू सगळ्या जगाला खण करतेस. एक दिवस मलाही कुठेतरी घालशील आणि विसरशील.”

“दुसऱ्याच्या घरात कसं वागावं एवढं तरी कळायला हवं होतं,” ताई फणकारल्या.

“दुसऱ्याच्या?”

एवढंच तो बोलला. ते मात्र ताईंना स्वच्छ ऐकू आलं.

संध्याकाळच्या बसने जायचा, तो दुपारीच निघाला. ताई रागाने धुमसत संगणकासमोर बसल्या. ‘धाकटा’ खण माऊसने धरला आणि यादीतून खाली, कचऱ्याच्या टोपलीकडे ओढत नेला. अगदी टोपलीच्या तोंडाशी त्यांचा हात थांबला. हे काय करतोय आपण? त्यांनी बोट उचललं. खण दिसेनासा झाला. टोपलीत पाहिलं, नव्हता. यादी वरून खाली आणि खालून वर चाळली, कुठेच नव्हता. संगणकाने गिळला म्हणून त्यांनी डोक्याला हात लावला.

माफीची दोन अक्षरं लिहायची त्यांच्या मनात होती, पण वडीलपण आडवं आलं. आधी तोच लिहितो नेहमी. लिहील. आता खणच राहिला नाही, तेव्हा त्याचं पत्र इनबॉक्समध्येच पडेल, असं त्या धरून चालल्या. रोज सकाळी इनबॉक्समध्ये विजेचं बिल असे, औषधांच्या दुकानाची जाहिरात असे. उन्हाळा सरला, थंडी आली. आपण त्याची पत्रं फेकली म्हणून देवाने पुढची अडवली, असं ताईंनी मनाशी धरलं. प्रार्थनेत त्या आता काही मागत नसत.

जागा उरली नाही म्हणून संगणक कुरकुरायला लागला, तेव्हा एका सकाळी त्यांनी जुनी बिलं काढून टाकायची ठरवली. यादीत टोपलीच्या बरोबर वरचा खण. पुसण्याची आज्ञा दिली, तर पडद्यावर प्रश्न आला, ‘आतला फोल्डरही पुसला जाईल. पुढे जायचं?’

ताई चिडल्या. आतला? आमच्याकडे आतला खण नसतोच मुळी.

‘नाही’ दाबून त्यांनी खणाशेजारचा बारीक बाण उघडला. आत होता धाकटा. ठळक अक्षरात.

नियम बिचारा इमानाने चालत राहिला होता. खण जिथे गेला तिथे त्याच्यामागे जाऊन पत्र टाकत होता. त्यांनी सर्वांत जुनं आधी उघडलं.

‘ताई, डाग गेला का गं? मीच वेंधळा.’

‘अजून राग? बरं, पुढच्या वेळी चहा अंगणात पितो.’

‘घर बदलतोय. नव्या घरात पूर्वेला एक खिडकीची खोली आहे. तुझी भावजय म्हणते, ही वन्संची. एकटी कशाला राहतेस तिथे? हो म्हण, नाही म्हण, पण काहीतरी म्हण.’

‘ताई, खोलीला रंग कुठला देऊ? तुझे खण करायला सुताराला सांगितलंय.’

मग पत्रं आखडत गेली. ‘सासूबाई पडल्या. त्यांना आमच्याकडे आणावं लागलं. खिडकीची खोली त्यांना दिली. तुझं उत्तर मी समजलो.’ त्यानंतर, ‘जेवतेस ना वेळेवर?’ आणि शेवटच्या पत्रात विषयाच्या जागी फक्त ‘ताई’. आत काहीच नाही.

ताईंनी ते कोरं पत्र पुष्कळ वेळ उघडं ठेवलं. सगळ्या नोकरीत त्यांच्या हातून एकही पाकीट चुकीच्या खणात पडलं नव्हतं.

त्यांनी लिहायला घेतलं. लांबलचक लिहिलं, सगळं पुसलं. शेवटी उरलं ते एवढं: ‘तू जुन्या बिलांत पडला होतास. आत्ता सापडलास. मी एकही वाचलं नव्हतं रे.’

चहा राहिलाच. दुपारी उत्तर आलं, त्याच खणात.

‘बिलांत? अगं, सांगितलं होतं की नाही मी! बरं, कचऱ्यात तरी नव्हतो ना?’

त्याने गंमत केली होती. ताईंना ती गंमत नेमकी दुखऱ्या जागी लागली. नव्हतास, असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण नेम पाळणाऱ्या बाईला ते जमेना. त्यांनी लिहिलं, ‘तिकडेच नेत होते. टोपलीशी हात थांबला.’

मग बराच वेळ खण ठळक झाला नाही. पायांना शिंपिणीच्या मशीनची थरथर कळत राहिली, थांबली. ताईंनी ‘धाकटा’ खण बिलांतून ओढून बाहेर काढला. मग त्याला लावलेला नियमही काढून टाकला. आता पत्र आलंच तर त्याने इतर टपालासारखं समोर येऊन पडावं.

दिवे लागायच्या सुमाराला इनबॉक्समध्ये ओळ उमटली.

‘थांबला ना? मग झालं. खोली आता रिकामी नाही गं, सासूबाई तिथेच राहतील. पण दोन दिवस ये. बाहेरच्या खोलीत अंथरूण घालतो. सुताराने खण केलेत, त्यात तुझी भावजय डाळी ठेवते. बघून तुझं डोकं फिरेल.’

दोन दिवस. पाहुणीसारखं जायचं, कप जपून धरायचा. दुसऱ्याच्या घरात कसं वागावं, ते ताईंना ठाऊक होतं. त्यांनी लिहिलं, ‘खोली रिकामी राहिली नाही हे बरंच झालं. येते.’

मग टेबल आवरायची वेळ झाली. त्याचं पत्र त्यांनी माऊसने धरलं, खणापर्यंत नेलं आणि तसंच परत आणून ठेवलं. इनबॉक्समध्ये ते एकटंच राहिलं. ताईंनी हात जोडले आणि तसंच टेबल ठेवून त्या उठल्या.