आला होता

एस्टिलनं दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि घुबडासारखा घुमला. अजून नीट उजाडलं नव्हतं. ओकच्या बुंध्याला पाठ लावून मी त्याच्या डाव्या हाताला बसले होते, अंगात त्याचं जुनं जाकीट आणि तोंडावर चेहरा लपवायची जाळी. खालून जमीन गारठलेली. जन्मभर हा माझा नवरा उबदार अंथरूण सोडून यासाठी येत होता? मी मनात म्हटलं, हिला म्हणतात हौस.

समोरच्या डोंगराच्या धारेवरून उत्तर आलं. झाडाच्या शेंड्यावर झोपलेल्या रानटर्कीच्या नराला घुबडाचा आवाज सोसत नाही, तो खवळून ओरडतो, हे आमच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण अंगणातून लांबचं ऐकणं वेगळं. इथं तो आवाज गडगडत दरीभर गेला आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

एस्टिल माझ्याकडे बघत होता. त्याला काहीही ऐकू आलं नव्हतं.

सॉ मिलमधल्या करवतींनी त्याचे कान खाल्ले. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं यंत्र जवळचा मोठा आवाज आणतं, पण कुठून आला ते सांगत नाही, आणि टर्कीच्या शिकारीत 'कुठून' हेच तर सगळं असतं. मागच्या वसंतात तो एकटाच आला, भलतीकडे तोंड करून बसला आणि नर पाठीमागून येऊन निघूनही गेला. उठल्यावर मातीतले ठसे बघून त्याला कळलं. त्या दिवशी तो जेवला नाही. यंदा बंदूक पुसता पुसता म्हणाला, "डेल्फा, तुझे कान देशील का?" मला लग्नाचं विचारतानाही गडी एवढा अवघडला नव्हता.

आता माझ्याबद्दल सांगायचं तर, या शिकारीची मी आयुष्यभर टिंगल केली. वसंत आला की हा पहाटे जायचा आणि बहुतेकदा हात हलवत परत यायचा. मी चुलीपाशी उभी राहून विचारायचे, मिळाला का? हा बुटांचे बंद सोडत म्हणायचा, आला होता. बस्, एवढंच. वर चेहऱ्यावर समाधान, जसं काही घर भरलं. "मग 'आला होता' तळून वाढू का पोरांना?" असं मी म्हणायचे. चर्चमधल्या बायकांनाही सांगायचे, की नाचता येईना अंगण वाकडं, तसलं आहे आमच्या एस्टिलचं.

तर आमचं ठरलं होतं असं. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. टर्कीची नजर म्हणजे काय विचारता, समोरच्या धारेवरून तिला पापणी हललेली दिसते. माझा हात त्याच्या मांडीवर. आवाज येईल त्या बाजूला मी बोट सरकवायचं, आणि नर दिसला की दोन चिमटे. "चिमटे तू जन्मभर काढतेच आहेस, जमेल तुला," असं म्हणाला मेला.

धारेवरच्या या नराला सगळे पाद्री म्हणत. उंचावर उभा राहून भाषण करण्यात पटाईत, पण खाली माणसांत काही यायचा नाही. एस्टिल किती वसंत त्याच्या मागे होता. आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, की पुढच्या वसंतापर्यंत उरलंसुरलं ऐकू येणंही जाणार.

उजाडल्यावर पंखांची फडफड झाली, पाद्री झाडावरून उतरला. एस्टिलनं खिशातून टर्कीच्याच पंखाच्या हाडाची पिपाणी काढली, ओठांत धरली आणि हवा आत ओढून मादीचा आवाज काढला. अगदी थोडा. स्वतःला ऐकू येत नसताना, निव्वळ ओठांच्या अंदाजानं. मग पिपाणी खिशात टाकून गप्प बसला.

अरे, अजून वाजव ना, असं मला झालं. पण तसं करायचं नसतं. टर्कीच्या रीतीनं मादीनं नराकडे जायचं असतं; तो हाका मारतो, जाणारी ती. शिकारी उलटं मागतो, तू ये म्हणतो. जास्त बोललं की त्याला संशय येतो. आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालवणारी मी, तिथं जिवाचा कान करून बसले.

पाद्री ओरडला. मी बोट सरकवलं. पुन्हा ओरडला, जवळून. पुन्हा सरकवलं. मग सगळं शांत झालं, इतका वेळ, की गेला असं मी धरून चालले.

आणि तो माझ्या बाजूनं, नेच्यांच्या झुडपातून बाहेर आला.

काय सांगू तुम्हाला. मी टर्की तळलीय, सोललीय, पिसं उपटून टोपल्या भरल्यात, पण टर्की मी तोवर पाहिलीच नव्हती. पिसारा उभारलेला, पंखांची टोकं पाचोळ्यात फरफटतायत, अंगावर ऊन पडलं की तांबं, मग हिरवं, मग सोनं. डोकं आधी लाल होतं, ते बघता बघता निळं झालं आणि मग पांढरंफेक. आणि त्याच्या छातीतून एक घुमारा येत होता. बाहेर ट्रक चालू ठेवून उभा केला की घराची भिंत थरथरते ना, तसा. तो कानांना नाही, बरगड्यांना ऐकू आला.

दोन चिमटे काढायचे होते. मी काढले नाहीत. दया वगैरे काही नाही, कोंबड्यांच्या माना मी डोळे झाकून पिरगाळते. मला हात आहेत हेच मी विसरले.

तेवढ्यात माझ्या हाताखाली एस्टिलची मांडी थरथरली. तो भलतीकडेच बघत होता. पण बारीक आवाज गेले तरी खोलातला घुमारा त्याच्यात अजून शिरत होता. बहिऱ्या माणसाला हळू वाटेल अशा आवाजात तो म्हणाला, "आलाय."

पाद्र्याची मान ताठ झाली. क्षणात झुडूप रिकामं.

मी जाळी वर केली, म्हणजे त्याला ओठ वाचता येतील, आणि सांगून टाकलं, की मला दिसला होता आणि मी चिमटे काढायचे विसरले. वाटलं, आता चिडणार. त्यानं विचारलं, किती जवळ. मी आडवा पडलेला ओंडका दाखवला, हाताच्या अंतरावरचा.

"डोकं पांढरं झालं होतं?"

"पांढरंफेक."

"नर भाळला तरच होतं तसं. मग मनापासून आला होता," असं म्हणून त्यानं जाळीच्या आत हात घालून डोळे पुसले. सगळं पहिल्यापासून सांग म्हणाला. धार उतरेपर्यंत मी ओरडून ओरडून सांगत होते, आणि पिसाऱ्यापाशी आले की तो मला थांबवून पुन्हा सांगायला लावत होता.

फाट्यावर क्लोविसचं दुकान आहे. शिकारी परतताना तिथं कॉफीला थांबतात. एकाच्या गाडीत चांगला दांडगा नर पडला होता, भोवती पुरुष जमले होते. क्लोविसनं आम्हाला बघितलं. एस्टिलला विचारून उपयोग नाही, म्हणून मला विचारलं, "काय डेल्फा, मिळाला का?"

सगळे माझ्या रिकाम्या हातांकडे बघायला लागले. एस्टिल पिपाणीतली माती फुंकून काढत होता, त्याला प्रश्न ऐकू गेला नव्हता.

"आला होता," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. शिकाऱ्यांच्या बाकावर बसलेला म्हातारा वर्जिल सरकला आणि त्यानं मला बसायला जागा केली.