तेलाच्या डागाची उंची

रविवारी सकाळी नऊ वाजता पुनावळे गावठाणातल्या एका घरात भिंतीवरचा पिवळा दांडा काढण्यात आला. तो बसवून आठवडाही झाला नव्हता. दांडा पक्का होता आणि भिंतही पक्की होती. पण ज्यांच्यासाठी तो बसवला, त्या अर्जुनरावांनी त्याला एकदाही हात लावला नव्हता.

मित्रांनो, त्या दांड्यासाठी भिंतीत भोकं मी पाडली होती. मी एक जुनी ड्रिल मशीन आहे. माझा मूळचा हिरवा रंग आता फक्त मुठीच्या खाचांत उरला आहे. वायरीला ठिकठिकाणी काळी चिकटपट्टी आहे, आणि बिट आवळायची चावी हरवू नये म्हणून सुतळीने माझ्याच गळ्यात बांधली आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पट्ट्यावरून माझ्यासारख्याच बहिणींमागोमाग सरकत मी खोक्यात आले आणि कासारवाडीच्या एका हार्डवेअरच्या दुकानात काचेमागे उभी राहिले. तिथे एका संध्याकाळी शेखर आणि पूनम आले. नवीन लग्न झालं होतं. खरं तर ते शेजारच्या दुकानात मिक्सर घ्यायला निघाले होते. शेखरने मला हातात घेतलं, वजन पाहिलं, बटण दाबलं, आणि मिक्सर पुढच्या महिन्यावर गेला.

पूनमने ते अजून सोडलेलं नाही. पाहुणे आले आणि माझा विषय निघाला की ती म्हणते, "हा माझा मिक्सर. चटणी वाटत नाही, भिंती वाटतो."

माझी कामाची वर्षं सुखाची गेली. शेखर चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. आठवडाभर तो कंपनीची यंत्रं सांभाळतो आणि सुट्टीच्या दिवशी घर. पडद्यांचे दांडे, देवघराची फळी, कपडे वाळत घालायची कप्पी, मिटवता येणारं जेवणाचं टेबल, लेक प्राजक्ताच्या पाळण्याचा हूक, पुढे तिच्या पुस्तकांचं कपाट. या घरात भिंतीवर जे जे टांगलेलं आहे, त्यामागे मी आहे. काही फळ्या एका बाजूला कलत्या आहेत. त्यांच्यावर वाट्या ठेवायच्या नाहीत, डबे ठेवायचे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

शेखरने जिन्याखाली एक प्लायवूडचा फळा लावला. त्यावर हातोडी, पक्कड, करवत, प्रत्येकाची बाह्यरेषा रंगवून तिथे तिथे खिळा ठोकला. कंपनीत असंच असतं. कुठली वस्तू जागेवर नाही ते लांबून कळतं. माझीही बाह्यरेषा त्यावर आहे. प्राजक्ता तेव्हा शाळेत होती. तिने दुसऱ्याच दिवशी सोफ्यावर खडूने एका आडव्या माणसाची बाह्यरेषा काढली आणि खाली लिहिलं, 'पप्पा'. शेखर आठवडाभर तिथे बसला नाही. मग बरोबर त्या रेषेत आडवा झाला.

नंतर माझे वाईट दिवस आले. शेखर सुपरवायझर झाला आणि सुट्ट्या ओव्हरटाइमला गेल्या. त्याचा चुलतभाऊ धनेश मला मागून न्यायचा आणि धूळभरली परत टांगायचा. एकदा त्याने मला स्टुलावरून पाडलं. आतून जळका वास येऊ लागला, तो तेव्हापासून. माझे कार्बन झिजले होते. कार्बन म्हणजे माझ्या मोटारीला वीज पोचवणारे दोन छोटे तुकडे. ते बदलले की मी पुन्हा चांगली चालते. बदलू बदलू म्हणता वर्षं गेली.

फळ्यावरून मला घरातला लांब बोळ पुढच्या दारापर्यंत सरळ दिसतो. एका टोकाला अर्जुनरावांची खोली. दुसऱ्या टोकाला दार, दाराबाहेर ओटा. अर्जुनराव म्हणजे शेखरचे वडील. पवनेकाठची सगळी शेती त्यांनी स्वतः केली. आता तिथे इमारती आहेत. त्यांची सकाळ मात्र अजून ओट्यावरच व्हायची. समोरच्या आळीतले मालोजी यायचे, पानाची चंची उघडायचे, आणि दोघे येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवत बसायचे.

दिवाळीनंतर अर्जुनराव नळापाशी घसरून पडले. उजवा खुबा मोडला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरी सोडताना सगळ्यांसमोर सांगितलं, रोज चाललं पाहिजे, आधार धरून चाललं पाहिजे. आत्ता अंथरूण धरलं तर ते पुढे सुटणार नाही. सोबत एक चार पायांचा वॉकर दिला. घरी आल्यावर त्यावर अर्जुनरावांचा पंचा वाळू लागला.

वडील दवाखान्यात असतानाच शेखरने बोळात दांडा बसवला होता. दोन दिवस त्याने रजा टाकली. मला फळ्यावरून काढलं तेव्हा किती वर्षांनी त्याच्या हाताची ऊब लागली! पाइप कंपनीत असतो तसाच जाडजूड होता. उंचीही कंपनीतल्या कठड्याचीच ठेवली. बाजू उजवी, कारण दुखणं उजव्या अंगाला. शेवटी पिवळा रंग आणि त्यावर काळे तिरके पट्टे. तो लांब उभा राहून पाहत होता, आणि इतका खूश होता, की पूनमने तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं.

अर्जुनराव चाकांच्या खुर्चीतून आत आले आणि बोळात थांबले.

"ह्ये काय रं?"

"दांडा आहे, आप्पा. धरून चालायला."

"आन् ह्यो रंग?"

"सेफ्टीचा असतो. लांबून दिसावा म्हणून."

"मला दिसतंय की. डोळं न्हाई मोडलं माजं." ते भिंतीकडे पाहत राहिले. "मी काय तुज्या कंपनीतली मशीन हाय व्हय, माज्याभवती कुंपण घातलंस?"

खरं सांगते, मित्रांनो, मला जरा लागलं.

पुढचे दिवस घरात तोच विषय. पूनम समजावून पाहायची, तिच्या सासूबाई गोजाबाई रागावून पाहायच्या. "आवो, पोरानं एवढं केलंय, हात तरी लावा." अर्जुनराव कूस बदलायचे. बाथरूमला जाताना ते गोजाबाईंच्या खांद्याला धरायचे. बायकोच्या खांद्यात त्यांना कमीपणा नव्हता. पण दाराकडे जायचं नाव काढत नव्हते. दार उघडं असायचं आणि बाहेर मालोजी बसलेले असायचे. त्यांच्यासमोर दांडा धरून यायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. मालोजी रोज आतल्या दिशेने ओरडायचे, "अर्जुना, आज तरी येतूस का?" आणि आतून उत्तर यायचं, "उद्या बघू."

शेखर संध्याकाळी बसमधून उतरून आला की आधी दांड्याकडे बघायचा. रंग तसाच कोरा. मग डबा ठेवून हात धुवायला जायचा.

शनिवारी शेखरला अर्धी सुट्टी होती. दुपारी पूनम बोळ पुसत होती. तिने रागाने हाक मारली.

"अहो, बघा जरा इकडे! दिवाळीला रंग दिलाय या भिंतीला, आणि हा तेलाचा डाग कुणाचा?"

डाव्या भिंतीवर, म्हणजे दांड्यासमोरच्या भिंतीवर, एक लांब मळका पट्टा उमटला होता. अर्जुनरावांच्या खोलीपासून निघून तो घड्याळाच्या खालपर्यंत आला होता. गोजाबाई रोज दुपारी नवऱ्याच्या हातापायांना तिळाचं तेल चोळतात. त्यानंतर त्या जरा पडतात, पूनम गच्चीत असते. त्या वेळात अर्जुनराव एकटे उठत होते. डावा तळवा भिंतीला टेकवून, एकेक पाऊल. आदल्या दिवशी घड्याळापर्यंत पोचले होते. मी रोज पाहत होते.

पूनमने फडकं पिळलं आणि डागावर ठेवणार, तेवढ्यात शेखर म्हणाला, "थांब. पुसू नको."

त्याने टेप आणला. डाग जमिनीपासून किती उंच आहे ते सुरुवातीला मोजलं, मध्ये मोजलं, घड्याळाखाली मोजलं. सगळीकडे जवळपास सारखंच. पिवळ्या दांड्यापेक्षा चांगलंच खाली.

"डाव्या हाताने," तो स्वतःशीच म्हणाला. "आणि एवढ्या खाली. मी विचारलंच नाही त्यांना."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं का त्यांनी?" पूनम म्हणाली. मग फडक्याची घडी घातली. "आधी तो पिवळा काढा. मला रोज कंपनीत नांदायला आल्यासारखं वाटतंय."

म्हणून रविवारी नऊ वाजता दांडा निघाला. रंग खरवडला. उघडा पाइप गार लागेल म्हणून प्राजक्ताने सुती दोर आणला, आणि बापलेक अर्जुनरावांच्या खोलीच्या दाराशी बसून तो पाइपवर गुंडाळू लागले. अर्जुनराव खाटेवरून बघत होते. शेखरचा वेढा तिसऱ्यांदा सुटला तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"आरं, दोर गुंडाळतूस का गुंता करतूस? आण हिकडं."

"आप्पा, राहू द्या, मी करतो."

"तू काय करतूस ते दिसतंय. पोरी, टोक धर. ढिलं सोडू नगंस."

त्यांनी पाइप मांडीवर घेतला. शेतातल्या अवजारांच्या मुठी त्यांनी आयुष्यभर दोराने बांधल्या होत्या. वेढ्याला वेढा चिकटून बसत गेला. शेवटचं टोक त्यांनी आत कुठे दडवलं ते प्राजक्ताला शेवटपर्यंत सापडलं नाही.

"आजोबा, पुन्हा दाखवा ना."

"उद्या. आज बापाला भिंत फोडू दे."

मग माझं काम सुरू झालं. डाव्या भिंतीच्या विटा मऊ आहेत. डागाच्या रेषेवर मी एकेक भोक पाडत घड्याळ ओलांडून पुढे गेले. दाराजवळ मात्र सिमेंटचा कॉलम आहे. तिथे शेखरने पेन्सिलने दोन फुल्या केल्या आणि मला टेकवलं. मी जोर लावला. आत ठिणग्या उडाल्या, धूर आला, आणि मी थांबले. शेखरने बटण पुन्हा पुन्हा दाबलं. कॉलमवर नखभर खड्डाही पडला नव्हता.

"गेली का?" पूनमने विचारलं. या वेळी तिने मिक्सरचं नाव काढलं नाही.

"कार्बन असतील. जुनं मॉडेल आहे, मिळाले तर बरं."

दुकानदाराने फोनवर सांगितलं, बघून ठेवतो, खात्री नाही. धनेशची नवी मशीन बुधवारनंतर मिळेल. शेखरने पाइप कॉलमच्या अलीकडेच कापला, दोराचं सुटलेलं टोक अर्जुनरावांकडून पुन्हा बांधून घेतलं आणि तो घट्ट बसवला. उरलेला तुकडा कोपऱ्यात उभा करून ठेवला. दांडा दारापासून हातभर अलीकडे संपतो. "आप्पा, तेवढं मी करतो लवकर," तो म्हणाला. अर्जुनराव "हं" म्हणाले.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी खिळ्याला टांगलेलं असेल. जळका वास आला तर त्याच दिवशी उघडून बघा. आम्हाला बोलता येत नाही, वास तेवढा देता येतो. आणि कुणासाठी काही बांधायला घ्याल, तर आधी त्याचा हात आपणहून कुठे जातो ते पाहा. भोकं नंतर पाडा.

आज सोमवार. शेखर पहिल्या शिफ्टला गेला आहे. मी माझ्या रेषेत टांगलेली आहे, झाकण उघडं, आत कार्बन नाहीत. मघाशी मालोजींनी हाक मारली, "अर्जुना, येतूस का?" आतून उत्तर आलं नाही. त्याऐवजी खाट करकरली.

गोजाबाई मागे आहेत, पण धरलेलं नाही. अर्जुनराव घड्याळ ओलांडून पुढे आले आहेत. ओट्यावर मालोजींनी चंची उघडली आहे आणि मुद्दाम रस्त्याकडे तोंड केलं आहे. दांडा संपला आहे. अर्जुनरावांचा डावा हात दोराच्या शेवटच्या वेढ्यावर आहे. उजवा हात त्यांनी कॉलमकडे पुढे केला आहे. तो पेन्सिलच्या फुल्यांपर्यंत अजून पोचलेला नाही.