धुतलेला फिल्टर

घरात चेनसॉ एकच होता आणि तो दोन भावांचा होता. वादळात कुणाच्या अंगणात झाड आडवं झालं की दोघं मिळून जात, ओंडके पाडून देत आणि संध्याकाळी एकाच ताटावर बसल्यासारखे जेवत. पण अलीकडे मशीन धुरकटायला लागलं होतं. जाड खोडात साखळी शिरली की आवाज बसायचा, मागून काळा धूर निघायचा आणि मशीन हातातच मान टाकायचं.

थोरल्याने घरी येऊन बायकोला सांगितलं की मशीन आपोआप बिघडत नसतं, बिघडवलं जातं. धाकट्याच्या सासऱ्याची लाकडाची वखार होती आणि जावयाने तिकडे येऊन बसावं, असा त्यांचा कधीपासूनचा लकडा होता. मशीन मोडलं की भागीदारी आपसूक मोडते, आणि बोल कुणालाच लागत नाही.

"आता एकदा बंद पडू दे," थोरला म्हणाला. "त्याला सांगणार, हत्यारं उचल आणि सासरी जा."

वहिनीला हे पटलं नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा हा दीर तिच्याकडून दप्तर भरून घ्यायचा. त्याच्या पोटात काही राहत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण कावीळ झालेल्याच्या शेजारी फार दिवस बसलं की आपल्यालाही पिवळं दिसायला लागतं.

एका सकाळी ती अंगण झाडत होती. शेडचं दार अर्धवट उघडं होतं. आत धाकटा मशीनपाशी उकिडवा बसून बारीक स्क्रूड्रायव्हरने कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत होता. केरसुणीचा आवाज थांबताच त्याने स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला. काय चाललंय म्हणून तिने विचारलं, तर म्हणाला, भुसा झटकतोय.

भुसा झटकायला स्क्रूड्रायव्हर लागत नाही, हे कुणी शिकवल्याशिवाय तिला कळत होतं. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

नवऱ्याला तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच दिवशी घरात दोन चुली झाल्या असत्या. त्यापेक्षा आपणच पाळत ठेवावी, असं तिने ठरवलं. झाकणाखालचा फिल्टर म्हणजे मशीनचं नाक, एवढं तिला ऐकून माहीत होतं. नाक आपण साफ ठेवू, मग बघू धाकट्याला कोणतं निमित्त उरतं. भाऊ हातपाय धुवायला गेले की ती शेडमध्ये जायची, झाकण उघडायची. पहिल्या दिवशी फिल्टरवर भुशाची अशी गादी बसली होती की खालची जाळी दिसेना. तिने तो साबणाच्या कोमट पाण्यात मनातल्या मनात देवाचं नाव घेत धुतला, खिडकीत वाळवला आणि कुणी उठायच्या आत जागेवर बसवला. मग रोजचा तो नेमच झाला.

धूर थांबला. मशीन कधी नव्हे इतक्या चढ्या सुरात गाऊ लागलं. थोरला खूश झाला. आपण डोळे वटारले म्हणून चोर घाबरला, असं त्याने बायकोला ऐकवलं. धाकटा मात्र अस्वस्थ दिसत होता. आवाज फार कोरडा येतोय, एकदा उघडून बघू, असं तो म्हणत राहिला. थोरल्याने मशीन त्याच्या हातून काढून घेतलं.

वहिनीने ते ऐकलं आणि तिचा उरलासुरला विश्वास उडाला. चांगलं चाललेलं मशीन बघून ज्याचं तोंड उतरतं, त्याच्या मनात काय असणार?

पुढच्याच मोठ्या खोडात मशीन किंचाळलं आणि सीझ झालं. दोरी ओढता ओढेना.

मेकॅनिक शेडमध्ये आला. आवाजावरून रोग सांगतो म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत; आज आवाजच नव्हता म्हणून तो जरा नाराज होता. त्याने पिस्टन काढून उजेडात धरला. बाजूने उभे ओरखडे उठले होते. मग स्क्रू बघितला, आणि तो कुणी आवळला असं विचारलं.

"मी," धाकटा म्हणाला. "काळा धूर यायचा, म्हणून पेट्रोल कमी केलं. दादा म्हणतो मला मशीनमधलं कळत नाही, म्हणून न सांगता केलं."

थोरल्याला तेवढं पुरे होतं. त्याने भिंतीवरची हत्यारांची पिशवी काढून भावाच्या पायाशी ठेवली.

कानसेनचं लक्ष तिकडे नव्हतं. तो फिल्टर उलटसुलट करून बघत होता. "फिल्टर चोंदलेला असता तर एवढ्याने मशीन मेलं नसतं. हा तर लख्ख आहे. कुणी धुतला?"

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनीही धुतला नव्हता. वहिनी पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होती. ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण पिशवी धाकट्याच्या पायाशी होती, आणि तो ती उचलायला वाकला होता.

"मी धुते. रोज," ती म्हणाली.

थोरल्याने विचारलं, "कशासाठी?"

ती नवऱ्याकडे न बघता दिराकडे बघून म्हणाली, "तुमच्यावर नजर ठेवायला, भावोजी."

कानसेनने तिच्या हातातला पेला उचलला. "एकाने नाक चोंदलं म्हणून पथ्यावर ठेवलं, दुसरीने नाक मोकळं केलं, पण पथ्य सोडवायचं कुणालाच सुचलं नाही. हवा पोटभर, पेट्रोल अर्धपोटी. तापून मरणारच." नव्या मशीनमध्ये म्हणे कार्बोरेटर फिल्टरच्या आतल्या हवेवरून पेट्रोल जोखतो, त्याचं त्याला समजतं. "हे जुनं आहे. याच्या बाबतीत माणसांनी एकमेकांना सांगावं लागतं."

थोरल्याने पिशवी उचलून पुन्हा खिळ्याला अडकवली.

नवा पिस्टन बसला. त्यानंतरच्या सकाळी ती अंगण झाडत असताना शेडमधून हाक आली.

"वहिनी, फिल्टर काढतोय. या बघायला."

हा टोमणा होता की आमंत्रण, ते तिला कळलं नाही. तिने केरसुणी ठेवली, हात पुसले आणि ती गेली. धाकटा स्क्रूपाशी बोट धरून थांबला होता. ती त्याच्या हाताकडे बघत राहिली, आणि तो तिच्या डोळ्यांकडे.